नऊ टाक्यांवरची लाल रेघ

मोटारसायकलवर चित्र काढायचं असेल तर आधी तिच्या मालकाला तिच्यावर बसवावं लागतं, हा शोध समृद्धीने स्वतःच लावला होता, आणि त्याचा तिला इतका अभिमान होता की भेटेल त्याला ती तो ऐकवायची. शाळेत मैत्रिणींना, घरी बाबांना, अगदी दूधवाल्यालासुद्धा.

"गाडी रिकामी उभी असते ना, तेव्हा खोटं बोलते ती," समृद्धी सांगायची. "माणूस बसला की दबते. धर्मेंद्रभाऊ बसले की चार बोटं. कौस्तुभभाऊ बसले की जेमतेम एक. मग रेघ जुळंल कशी?"

तिचे बाबा विजयकुमार पोलादाच्या प्लांटच्या ऑफिसात क्लार्क होते. ते चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "मागच्या वर्षीपर्यंत सरनं प्रश्न विचारला की ही बेंचाखाली पाहे. आता दूधवाल्याले फिजिक्स शिकवून राहिली."

खोटं नव्हतं ते. पण या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली होती. बाबांच्या जुन्या स्कूटरच्या बाजूचा पत्रा खरचटला होता, आणि समृद्धीने त्या ओरखड्यावर एक खंड्या पक्षी बसवला, निळाजर्द, चोचीत मासोळी. दोनच दिवसांनी मरोद्याच्या बाजारात धर्मेंद्र बोकडे आपली बुलेट थांबवून त्या स्कूटरपुढे उकिडवा बसला. धर्मेंद्र म्हणजे 'धडधड' क्लबचा अध्यक्ष. गाडी बंद असली तरी हा माणूस गाडी चालू असल्यासारखा ओरडून बोलायचा.

"हे कोणं काढलं बे?"

नेहमीची समृद्धी असती तर तिने आईकडे बोट दाखवलं असतं आणि आईच्या पाठीमागे गेली असती. त्या दिवशी तिच्या तोंडातून निघालं, "मी." निघालं ते निघालं, आणि मग थांबेचना.

धर्मेंद्रला आपल्या टाकीवर वाघ हवा होता. प्रत्येकालाच वाघ हवा असतो. समृद्धी म्हणाली, "वाघ कावून? वाघ तर रायपूरच्या प्रत्येक गाडीवर आहे." आणि तिथेच, भाजीच्या पिशव्या हातात धरून, तिने आपली कल्पना सांगितली. क्लबात गाड्या किती? नऊ. तर नऊ टाक्यांवर मिळून एकच चित्र. एक लांबलचक लाल रेघ. दल्ली-राजहऱ्याच्या लोखंडी डोंगरातून ती मातीचा लाल ओहोळ होऊन निघेल, मालगाडीत चढेल, भट्टीत शिरून पेटेल, रेल मिलमधून रूळ होऊन बाहेर येईल आणि सरतेशेवटी धानाच्या शेतामागं संध्याकाळ होऊन मावळेल. गाड्या एकामागोमाग एक निघाल्या की रस्त्याच्या कडेला उभ्या माणसापुढून अख्खं चित्र वाहत जाईल.

धर्मेंद्र पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "अरे बाप."

मग काय, क्लबात युद्धच पेटलं. चरोद्याची हिराताई आणि तिचा नवरा, दोघंही रेल्वेत, दोघांकडेही गाड्या. ते लगेच तयार झाले, फक्त मालगाडीचे डबे खऱ्यासारखे पाहिजेत, खेळण्यातले नको, अशी त्यांची अट. रेल मिलचे चौघं तर रोज संध्याकाळी येऊन रंगावर भांडू लागले. तापलेला रूळ नुसता लाल नसतो व, आधी पिवळा असतो, मग संत्र्यासारखा, मग लाल, आणि काठाला जांभळट. कौस्तुभ त्यातला सगळ्यात लहान, सगळ्यात बारीक आणि सगळ्यात बडबड्या. तो तर एकदा मोबाईलवर सूर्यास्ताचे फोटो दाखवून "हा नाही, हा पण नाही, हां, हा!" करत अर्धा तास बसला.

विरोधात एकटे शामराव ठवकर. रिटायर्ड क्रेन ऑपरेटर, मिशा पांढऱ्या, येझ्दी काळीभोर. ती येझ्दी ते स्वतःच्या हाताने पुसायचे आणि तिच्यावर त्यांच्या पोरालाही बसू द्यायचे नाहीत.

"माह्या गाडीवर डोंगर?" ते म्हणाले. "अन् एकट्याच्या गाडीकडं पाहून लोकाले काय समजंल? म्हणतील म्हाताऱ्यानं टाकीवर चिखल उडवून घेतला."

"एकट्याचं नाहीच पाहायचं, काका. सगळं मिळून पाहायचं."

शामरावांनी येझ्दीच्या टाकीवरून हात फिरवला. मग सगळ्यांसमोर अट घातली. "ठीक हाये. पण क्लबच्या वर्धापन दिनाच्या रविवारी मी माह्या डोळ्यानं चित्र एकदा पुरं पाहीन. डोंगरापासून शेतापर्यंत, मधी खंड नाही. दिसलं तर दिसलं. नाही दिसलं तर सोमवारी नऊच्या नऊ टाक्या परत काळ्या. कबूल?"

सगळ्यांनी समृद्धीकडे पाहिलं.

"कबूल," समृद्धी म्हणाली. आवाज छान निघाला.

पुढचे दोन महिने तिच्या घरासमोर जत्रा. क्वार्टरपुढच्या दोन गुलमोहरांना तिने दोरी ताणून बांधली, एकेका रायडरला त्याच्या गाडीवर बसवून दोरीखाली उभं केलं आणि टाकीवर खडूने खूण मारली. रेघ तिथून जाणार. मग टाकी काढायची, पेट्रोल रिकामं करायचं, पॉलिश पेपरने घासायची, अस्तर, रंग, वरून चकचकीत थर. टाकी काढली की गाडी मेली, म्हणून एका वेळी एकच टाकी मिळायची. फक्त रेल मिलवाल्यांनी कमाल केली. ते चौघंही एकाच शिफ्टचे. कौस्तुभ म्हणाला, "आठ दिवस आम्ही एका व्हॅनमधी बसून ड्युटीवर जातो. चारही टाक्या एकदम घे."

चार टाक्या, एकाच व्हरांड्यात, ओळीने! समृद्धीला स्वर्गच हाती लागला. भट्टीचा जाळ तिने पहिल्या टाकीवर पेटवला आणि ओला असतानाच दुसरीवर ओढत नेला. चित्राचा सगळ्यात सुंदर तुकडा तोच झाला, डोंगर-मालगाडीच्या नंतरच्या आणि थंड झालेल्या रुळाच्या आधीच्या त्या चार टाक्या. पाहणाऱ्याने हात मागे घ्यावा, इतका गरम.

आणि मग आला वर्धापन दिनाच्या आधीचा शुक्रवार. शाळा सुटल्यावर सगळे धर्मेंद्रच्या अंगणात जमले होते. सगळे म्हणजे जे मोकळे होते ते. रविवारी सकाळी गावातल्या मुख्य बाजारात, सिव्हिक सेंटरला गाड्या घेऊन जायचं, नारळ फोडायचा, फेरी मारायची, असं ठरत होतं. तेवढ्यात कौस्तुभचा फोन आला. धर्मेंद्रने स्पीकरवर टाकला.

"भाऊ, रविवारी आमची फर्स्ट शिफ्ट हाय ना."

"मग?"

"मग काय मग? सकाळी सहा ते दोन आम्ही अंदर. चौघंही."

धर्मेंद्रने बोटांवर गाड्या मोजल्या. समृद्धीच्या डोक्यात मात्र चित्र चालू झालं. डोंगर, मालगाडी आणि मग… काहीच नाही. आणि मग रूळ.

शामराव खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे भट्टीच गायब. डोंगरातून डायरेक्ट पटरी निघाली. वा! सरकारनं प्लांट उगाचच बांधला."

"सुट्टी घ्या ना रे," धर्मेंद्र फोनवर ओरडला.

"एका जागचे चार जण एकदम? फोरमन आमालेच भट्टीत टाकंल."

"मग पुढच्या रविवारी करू," हिराताई म्हणाली.

"पुढच्या रविवारी माही ड्युटी," देवरावभाऊ म्हणाले. हे धर्मेंद्रचे शेजारी, चित्रातलं शेवटचं धानाचं शेत त्यांच्या टाकीवर. "अन् त्याच्या पुढच्याले धर्मेंद्रची."

मग सगळे आठवू लागले. क्लब सुरू झाल्यापासून सगळे नऊ एकत्र कधी होते? कवर्ध्याला गेलो तेव्हा दोन नव्हते. मैनपाटला गेलो तेव्हा निम्मे नाईटला. आठवून आठवून दमले. कधीच नाही! इतक्या वर्षांत एकदाही नाही. जो मोकळा तो निघाला, हीच क्लबची रीत. कोणी कोणाची वाट पाहत नव्हतं, कारण पाहायची ठरवली असती तर क्लब अंगणातच म्हातारा झाला असता. शिफ्टच्या घरांत वाढलेल्या या सगळ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की हे चित्र नऊ जण एका वेळी मागतं. आणि शिफ्टच्या गावात जन्मलेल्या समृद्धीने तर कमालच केली होती. एका शिफ्टचे चार जण उचलून बरोबर मधोमध बसवले होते. जायचे तर चौघं एकदम जाणार.

"काळा रंग किती लिटर लागंल?" शामरावांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं.

समृद्धीला रडू येणार होतं. आलंही असतं. पण आता ती जुनी समृद्धी राहिली नव्हती, आणि शिवाय तिला राग आला होता. ती मरोद्याच्या रस्त्याला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये राहायची. रोज दोन वाजता प्लांटच्या गेटवर काय होतं ते तिला झोपेतही ऐकू यायचं. आधी सेकंड शिफ्टवाले आत जायचे, मग फर्स्टवाले बाहेर. अर्धा तास नुसता सायकली, स्कूटर, मोटारसायकली. रस्ता ओलांडायची सोय नाही. दोन शिफ्टची माणसं रस्त्यावर एकत्र दिसतात, ती फक्त तेव्हा!

ती उठून चक्क बाजेवर उभी राहिली. "रविवारी दोन वाजता! गेटवर!"

"काय गेटवर?"

"चित्र! सिव्हिक सेंटर कॅन्सल. कौस्तुभभाऊ धरून चौघं गेटातून बाहेर येतील, आपण पाच गाड्या गेटासमोरच्या चौकात फिरवत राहू, ते आपल्या जागी घुसतील, अन् सरळ रस्त्यानं निघायचं. काका फुटपाथवर उभे राहतील. झालं!"

फोनमधून कौस्तुभ ओरडला, "मी तयार! रिलीव्हरले लवकर यायले सांगतो."

प्लांटमध्ये रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. पण कोणाकडे लग्न असलं, कोणाचं पोरगं आजारी असलं, की पुढच्या शिफ्टचा माणूस थोडा आधी येऊन दुसऱ्याला मोकळं करतो. हे कुठे लिहिलेलं नसतं, चालत आलेलं असतं. चौघांनी आपापल्या रिलीव्हरला चित्रासाठी सांगायचं ठरलं.

"अन् एक गोष्ट," समृद्धी म्हणाली. जोर आला होता ना आता. "काका फुटपाथवर उभे राहणार. मग काकांची गाडी कोण चालवणार?"

शामरावांच्या मिशा थांबल्या. "म्हणजे?"

"तुमची टाकी पहिली. डोंगर. तुम्ही गाडीवर बसले तर तुमाले समोरचा रस्ता दिसंल, चित्र नाही."

अट त्यांचीच होती. माह्या डोळ्यानं पाहीन! धर्मेंद्र इतक्या जोरात हसला की शेजारच्या घरात कुकरची शिटी वाजली असं हिराताईला वाटलं. शामराव उठले, एक फेरी मारली, परत बसले, आणि शेवटी घरात हाक मारावी तशी त्यांनी फोनवर सुनेला हाक मारली. करिष्मावहिनीकडे लायसन होतं, आणि येझ्दीवर बसायची हौस तर लग्नापासूनची होती.

रविवारी सकाळी गुलमोहराखाली तिला बसवून समृद्धीने खूण तपासली. रेघ दोरीच्या वर गेली होती! करिष्मावहिनी शामरावांच्या निम्म्याने हलकी.

"गाडी दबतच नाही वहिनी तुमच्यानं."

"मग आता काय जेवून घेऊ?"

"मी बसतो मागं," दारात उभ्या राधाबाई म्हणाल्या. राधाबाई म्हणजे शामरावांची बायको, करिष्मावहिनीची सासू. त्यांनी पदर खोचला आणि सुनेच्या मागे अशा बसल्या की जणू गेली चाळीस वर्षं वाट पाहत होत्या. येझ्दी खाली आली. रेघ दोरीला बरोबर टेकली.

"पाहा," राधाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आम्ही दोघी मिळून एक तुम्ही."

शामराव येझ्दीचा आरसा पुसू लागले.

दोनच्या आधी चौकात पाच गाड्या आल्या. गेटजवळ थांबायची मनाई, म्हणून त्या चौकाला फेऱ्या घालू लागल्या. पुढे येझ्दी, तिच्या मागे हिराताई, मग चार गाड्या मावतील एवढी मोकळी जागा, मग धर्मेंद्र, हिराताईचा नवरा, देवरावभाऊ. सेकंड शिफ्टची माणसं आत जाताना मान वळवून पाहत होती. "अरे, ये क्या बारात निकली है?" कोणीतरी ओरडलं. गेटवरचा गार्ड शिटी फुंकत आला. "यहाँ रुकना मना है!"

"रुके कहाँ हैं साहब?" धर्मेंद्र फिरता फिरता म्हणाला. "चल ही तो रहे हैं!"

समृद्धी आणि शामराव सरळ रस्त्याच्या फुटपाथवर, चहाच्या टपरीपाशी. बाबासुद्धा आले होते, स्कूटर घेऊन, "असाच आलो होतो" म्हणत. टपरीवाली बाई समृद्धीचे पाय पाहत होती. ते एका जागी राहतच नव्हते. "का होगे नोनी? काबर नाचत हस?" काय झालं पोरी, कशाला नाचतेस, असं ती आपल्या बोलीत विचारत होती.

भोंगा वाजला. गेटातून लोंढा सुटला आणि त्यात एक भट्टी दिसली! मग दुसरी टाकी, मग तिसरी. तिघं सफाईने फेरीत घुसले. समृद्धी किंचाळली. चौथा? कौस्तुभ कुठे?

तिचा फोन वाजला. "माहा रिलीव्हर आलाच नाही व! त्याची गाडी पंक्चर. शाळेजवळच्या पुलापाशी ढकलत येऊन राहिला."

समृद्धीने तोंड उघडायच्या आत बाबांनी स्कूटरला किक मारली होती. पहिल्या किकला ती कधीच सुरू होत नसे. त्या दिवशी झाली. गर्दीच्या उलट्या दिशेने, हॉर्न वाजवत, ऑफिसात कधी आवाज न चढवणारे विजयकुमार "बाजूला व्हा! बाजूला!" ओरडत निघाले.

आणि आठ गाड्या फिरत राहिल्या. भट्टीतल्या तीन आणि तापलेल्या रुळाच्या जागी एक भोक. धर्मेंद्रने ते भोक सोडलं नाही. मध्ये एक स्कूटी शिरली तर त्याने तिला हात जोडून बाहेर काढलं. एक फेरी. आणखी एक. गार्ड शिटी वाजवून दमला आणि स्वतःच कमरेवर हात ठेवून पाहू लागला. राधाबाई प्रत्येक फेरीला टपरीकडे पाहून हात हलवायच्या. शामराव फक्त गेटाकडे बघत होते. त्यांचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं. समृद्धीच्या ध्यानात आलं, त्यांची बोटं नेमकी तिच्याच बोटांसारखी एकमेकांत अडकली होती.

"येईल का व तो?" ते पुटपुटले.

स्कूटर आली! मागे हेल्मेट पोटाशी धरलेला घामाघूम रिलीव्हर. त्याने बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि गेटात पळाला. मग किती वेळ गेला देव जाणे, समृद्धीला तो वर्षाएवढा वाटला, आणि मग गेटातून कौस्तुभ निघाला, हँडलवर वाकलेला, दात काढून हसत, मांडीशी संत्र्यासारखा पेटलेला रूळ.

समृद्धीने ओढणी काढून डोक्यावर फिरवली. "निघाआआ!"

येझ्दी चौकातून सरळ रस्त्याला लागली आणि तिच्या मागोमाग एकेक गाडी उलगडत आली. डोंगर आला. डोंगरातून लाल ओहोळ हिराताईच्या डब्यांत चढला, डबे भट्टीपुढे आले, भट्टी फुटली, पिवळा, केशरी, लाल, एका टाकीवरून दुसरीवर उडी मारत. कौस्तुभ, धर्मेंद्र, थंड निळसर रूळ, त्यावर आगगाडी, आणि देवरावभाऊंच्या टाकीवर धानाच्या काठाला शांत झालेली संध्याकाळ. मधल्या मोकळ्या जागा डोळा आपणच भरत होता. रेघ कुठे खाली नाही, कुठे वर नाही. नऊ इंजिनं धडधडत होती आणि रस्त्याच्या कडेला सायकलवर पाय टेकून उभी असलेली माणसं म्हणत होती, "अरे ये तो अपना रेल मिल है!" "देख, देख, राजहरा!"

समृद्धीने हे चित्र काढलं होतं, दोन महिने. पाहिलं मात्र आत्ता.

ती शामरावांकडे वळली. शेवटची गाडी पुढे गेली तरी ते तिच्या मागे पाहत राहिले.

"काका? दिसलं?"

"सगळे होते," ते म्हणाले. आवाज भलताच बारीक. "नऊच्या नऊ." मग एकदम ताठ झाले. "अन् मी इथं उभा! माही गाडी, अन् मी टपरीवर! बोलाव त्यायले. परत फिरवा म्हणा. आता मी बसतो."

धर्मेंद्रला फोन करायची गरजच पडली नाही. पुढच्या वळणावरून गाड्या वळून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने परत येतच होत्या, राधाबाई हवेत हात उंचावून. शामराव पुढे सरसावले, आणि थबकले. पलीकडून आता त्यांना गाड्यांची उजवी बाजू दिसत होती. काळी. कोरी करकरीत.

"ए पोट्टे," त्यांनी विचारलं, "इकडून तर काहीच नाही."

"नाही ना काका. एकाच बाजूनं काढलं."

"कावून? पलीकडच्या फुटपाथवरचे लोक काय आंधळे हायेत?"

समृद्धीचं डोकं लगेच धावायला लागलं. त्या बाजूने गाड्या उलट्या दिशेने जाताना दिसतात. म्हणजे डावीकडून वाचलं तर शेत आधी आणि डोंगर शेवटी? की दुसरंच काहीतरी, एक नदी, शिवनाथच, पावसापासून समुद्रापर्यंत? हिरवट निळी रेघ! तिला आत्ताच खडू हवा होता.

"टाक्या कधी आणून देऊ?" शामराव विचारत होते, आणि पलीकडे थांबलेल्या येझ्दीवरून उतरायला साफ नकार देत राधाबाई ओरडून सांगत होत्या, "यायले म्हणा ऑटोनं घरी या!"